बोंडातला पीळ

निसर्गातल्या चक्रांचं कौतुक निघालं की सगळ्यांत आधी सूर्यफूल पुढं येतं. त्याच्या बियांच्या वळणदार ओळी एका अंगानं मोजल्या तर बरेचदा ३४ भरतात, दुसऱ्या अंगानं ५५. खरंच आहे ते. आणि नुसता गोल पाहायचा तर आमच्याकडे लोणार आहेच, १.८ किलोमीटर व्यासाचं. पण ते एका अशनीनं एका दणक्यात केलेलं काम. मला हळूहळू वळत गेलेलं जास्त आवडतं, आणि तसं आमच्या वावरात धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत उभं असतं. पऱ्हाटीकडे, म्हणजे कापसाच्या झाडाकडे, मात्र कोणी या नजरेनं पाहत नाही. भाव काय निघाला, एवढंच विचारतात.

कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांबलचक पेशी. बोंड हिरवं आहे तोवर ती रसानं भरलेली गोल नळी असते. बोंड फुटलं, ऊन लागलं की रस आटतो, नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. तोही एकाच अंगानं नाही. थोडं उजवीकडे, मग मधेच डावीकडे. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू पिळलेल्या रिबिनीसारखा दिसतो. या पिळामुळेच शेजारशेजारचे तंतू एकमेकांना धरतात आणि सूत निघतं. काटेसावरीचा कापूस हाताला किती मऊ! पण तंतू सरळ, गुळगुळीत. तो सुताला येत नाही, उशीत जातो.

इंग्लंडातल्या जॉन मर्सरनं १८५० मध्ये उलट्या गोष्टीचं पेटंट घेतलं. कॉस्टिक सोड्यात तंतू फुगतो, पीळ सुटतो, कापड रंग चांगला धरतं. पुढे सूत ताणून धरायची युक्ती सापडली आणि चमकही आली. दुकानात मर्सराइज्ड म्हणून जास्त पैसे मोजतो ते हेच.

आई चातुर्मासात बोटाला राख लावून देवकापसाच्या वाती वळते. तिला हे सारं सांगितलं तर म्हणाली, "कापूस आपल्याआपनच वळते, तं मंग मी दिवसभर इथं काय करून रायली?"

तिच्या पाठीमागं आंगणातल्या मांडवावर दोडका चढलेला असतो. त्याचा तणावा तारेला टोकानं धरतो आणि मग मधल्या भागात वेढे घ्यायला लागतो. आता एक टोक तारेला, दुसरं वेलाला. दोन्हीकडून बांधलेली वस्तू एकाच दिशेनं पिळत कशी जाणार? म्हणून अर्धे वेढे उजवे, अर्धे डावे, आणि मधे बोटाच्या पेराएवढाही नसेल असा सरळ तुकडा. कधीकधी तर दिशा दोनचारदा बदलते. डार्विननं १८६५ मध्ये वेलींवर लिहिताना हे नोंदवलंय. दोडक्याच्याच कुळातली एक वेल तग कशी धरते ते बघायला तो मुद्दाम वादळात बाहेर पडला होता. वेढे लांबतात, पुन्हा आखडतात, त्यामुळे झटका बसला तरी तणावा तुटत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमचा अर्धा मांडव खाली आला. बांबू मोडले, पण तणावे तारेला धरूनच होते. तार मोकळी करायला शेवटी कात्री आणावी लागली.