काटेरी हलवा आणि न वाळलेलं आभाळ

यंदाच्या थंडीत रोज एक जलरंगातलं चित्र काढायचं असं मी दिवाळीतच ठरवून टाकलं होतं, कारण 1 जानेवारीचे संकल्प आपल्याला मानवत नाहीत एवढं चाळिशीत कळलंय. ज्या नाशकात चित्रकार शिवाजी तुपेंनी गोदाघाट रंगवला त्या गावात राहून आपण घाटावर फक्त पाहुण्यांना दाखवायला जायचं, हे बरं दिसत नाही ना. म्हणून प्लॅन असा, की पहाटे साडेसहाला नारोशंकराच्या देवळासमोर बसायचं, पाण्यावरनं धुकं निघत असतं तेवढ्यात एक वॉश (पातळ रंगाचा हात) मारायचा आणि नऊच्या आत घरी.

पण साडेसहाला अंधार! मला वाटायचं 21-22 डिसेंबरला सगळ्यात लहान दिवस झाला की सकाळी लवकर उजाडायला लागतं, तर तसं नाहीये, दिवस वाढतो तो सगळा संध्याकाळच्या बाजूला, सकाळी मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशीरच होत जातो. आणि उजाडलं तरी थंडीत कागद वाळत नाही. आभाळाचा वॉश मारून मी हात काखेत घालून बसून राहायचो, शेजारचा चहावाला दोनदा विचारून जायचा, आभाळ ओलंच.

तेवढ्यात आईनं हलव्याचं काढलं. बहिणीच्या बाळाची पहिली संक्रांत, बोरन्हाण करायचं, काळं झबलं शिवून झालेलं, आणि हलव्याचे दागिने बाजारात मिळतात हे आईला सांगून उपयोग नव्हता. मग काय, मंद गॅसवर पितळी परात, त्यात मूठभर तीळ, आणि बाजूला एकतारी पाक. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचे, सुकला की परत चमचाभर. बोटं पोळतात, थांबलं की गठ्ठा होतो. पहिल्या दिवशी तीळ नुसते घामेजल्यासारखे पांढुरके दिसत होते, मी म्हटलं फसलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकेका दाण्याला बारीक काटे फुटायला लागले तेव्हा लेक ओरडलीच, बाबा याला केस आले! हवा कोरडी न् गार असली तरच काटा येतो म्हणे, आभाळ आलं की गेलं. म्हणजे जी थंडी माझं चित्र वाळू देत नव्हती तीच इथं पाहिजे होती.

सगळ्यांनी पाळ्या लावल्या, बायको ऑफिसची मीटिंग कानात घालून एका हाताने परात हलवत होती (हे कुणाला सांगू नका). निफाडहून दाजींचा फोन आला की स्पीकरवर. त्यांच्याकडे थंडीचं वेगळंच, पारा खाली आला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून रात्री बागेत शेकोट्या, पहाटे ठिबक चालू. बाळाची चौकशी बहिणीकडे आणि पाऱ्याची दाजींकडे असा आमचा रोजचा फोन. मी मधेच उठायला लागलो की आई म्हणायची, "बस रे, चित्र कुठं पळून चाललंय? पाक घट्ट होईल."

चित्रं झाली एकूण चार. त्यातलं चौथं ओलंच घरी आणलं तर आईनं परातीशेजारी उभं करून ठेवलं, इथं वाळेल म्हणाली. वाळलंही. फक्त चमच्यातला पाकाचा एक थेंब कागदावर उडाला, बरोबर कळसाच्या वर, आणि तिथंच पांढरा होऊन बसला. मी ब्लेडने खरवडायला घेतला तर लेक म्हणाली राहू दे, चंद्र आहे तो. राहू दिला. आज सकाळी बघतो तर चंद्राला मुंग्या लागलेल्या.