दिवेवालीचा ग्राफ

"ताई, ती दिवा घेतलेली बाई कधी करताय?"

मी गाजलेली चित्रं क्रोशाने ब्लँकेटवर विणते. जपानी होकुसाईची लाट विणली, व्हॅन गॉगची चांदण्यांची रात्र विणली, क्लिम्टचं चुंबन विणलं (ते सासूबाईंसमोर उलगडताना जरा पंचाईत झाली), मोंड्रियानचे चौकोन तर तिघींना करून दिले. फोटो पाठवला की दोन बदाम, एक हात जोडलेला आणि लगेच हा प्रश्न. दिवेवाली कधी? दिवेवालीचा ग्राफ, म्हणजे कुठल्या चौकटीत कुठला रंग त्याचा नकाशा, द्या ना. मी दर वेळी काहीतरी थातुरमातुर सांगते. रंग मिळत नाहीत, वेळ नाही, कॉपीराइट आहे. परवा एकीने तोंडावर म्हटलं, "द्यायचा नसेल तर नाही म्हणा, कारणं कशाला सांगता?" तर आता एकदाच सांगते, म्हणजे पुन्हा विचारणार नाही. विचारालच म्हणा.

कारणं खोटी नाहीत हे आधी ऐकून घ्या. ते चित्र हळदणकरांचं. रविवर्म्याचं नव्हे, रविवर्मा 1906 सालीच गेले आणि हे चित्र 1945-46चं. सावळाराम हळदणकर गेले 1968 साली. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे 2028 संपेपर्यंत. होकुसाईला जाऊन पावणेदोनशे वर्षं होऊन गेली, व्हॅन गॉग 1890 सालीच गेला, तिथे प्रश्नच नाही. घरात पांघरायला एक ब्लँकेट विणणं निराळं आणि ग्राफ काढून वाटणं किंवा विकणं निराळं. यावर तुम्ही म्हणणार, कॅलेंडरवाल्यांना कोण विचारतं? बरोबर आहे. मलाही कोणी विचारणार नाही. सोयीचं कारण आहे, म्हणून वापरते.

दुसरं कारण जास्त खरं आहे. लाट मुळात लाकडी ठशांवरून छापलेली. रंगांचे सपाट तुकडे होकुसाईनेच पाडून ठेवलेत, मी फक्त त्यांना चौकटी लावल्या. मूळ चित्र जेमतेम 25 बाय 37 सेंटिमीटर, माझं ब्लँकेट त्याच्या कितीतरी पट, तरी लाट लाटच राहिली. क्लिम्टचं चुंबन तर 180 बाय 180, म्हणजे डबलबेडची चादरच. त्यातही त्याने दोघांना झग्यात गुंडाळून ठेवलंय आणि झग्यावर नुसते चौकोन आणि गोल. त्या पुरुषाचं तोंड जवळजवळ दिसतच नाही, तिचे डोळे मिटलेले. मी दोन्ही चेहरे पटकन उरकले, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दिवेवाली जलरंगातली आहे. जलरंगात उजेड असतो तो खालच्या कागदाचा. रंग पातळ ठेवला की कागद त्यातून उजळतो. ज्योतीवर आडवा धरलेला तिचा हात आठवा, बोटं आतून पेटल्यासारखी तांबूस झालीयेत. लोकरीखाली कागद नसतो, लोकरीखाली लोकरच असते. मला ज्योतीच्या पिवळ्यापासून मागच्या काळोखापर्यंत चौदा छटा हव्या होत्या. दादरला शेडकार्डं उलटीपालटी करून सात मिळाल्या. त्यातल्या एकीचं नाव होतं 'स्किन' आणि तसल्या रंगाची कातडी मी अजून कोणाची बघितलेली नाही.

आता खरं कारण. दिवेवाली मी केलेली आहे. चार वर्षं झाली.

आत्याचं सहस्रचंद्रदर्शन होतं. गिरगावच्या त्यांच्या खोलीत घड्याळाखाली हेच चित्र होतं, कॅलेंडरचं पान कापून काच लावून घेतलेलं. मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्याखाली बसवून आत्याने मला क्रोशा शिकवला. "साखळी सैल, खांब ताठ," टाक्यांचं एवढंच तिचं शास्त्र. चूक झाली की बोलायची नाही, हातातून घ्यायची आणि उसवून परत द्यायची. पुढे ती मुलाकडे पार्ल्याला गेली, तेव्हा बरोबर भांडी कमी नेली, पण ती फ्रेम नेली. तिला दुसरं काय द्यायचं?

हिशेब केला. 60 बाय 80, म्हणजे 4800 चौकटी. प्रत्येक चौकट तीन खांबांची, तिला दीड मिनिट धरलं तर 120 तास. लोकरीची टोकं लपवायचा वेळ धरला नाही, तो कधीच कोणी धरत नाही. विणायची पद्धत सी टू सी, म्हणजे एका कोपऱ्यातून सुरू करून समोरच्या कोपऱ्यात संपवायचं, 139 तिरक्या ओळी. पहिल्या वीसेक ओळी मुलुंड ते सीएसएमटी गाडीत झाल्या. मग ते मांडीत मावेना आणि समोरचीच्या पर्सच्या चेनमध्ये लोकर अडकायला लागली, तेव्हा घरी बसले. पाच महिने जेवणाच्या टेबलावर आम्ही जेवलो नाही.

चेहऱ्याच्या वाट्याला आडव्या दहा चौकटी आल्या. तेवढ्यात कपाळ, गाल, दोन डोळे, ओठ. ती कोणी देवी नाही, हळदणकरांची लेक गीता आहे. बापाने लेकीला समोर उभं करून काढलेला चेहरा, आणि मी तो बसवतेय दहा चौकटींत. नाकाला वेगळी रेघ नसतेच. उजेडातला गाल संपतो आणि अंधारातला सुरू होतो, तिथे नाक असतं. ग्राफ काढणाऱ्या सॉफ्टवेअरने तिथे पाच चौकटी दिल्या होत्या, 'स्किन' आणि तिच्या खालची तपकिरी, आलटून पालटून. फोनवर फोटो काढून बघितला तर नाक होतं. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "अरे वा, हळदणकर!" तो स्वयंपाकघराच्या दारातून बघत होता, हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

कार्यक्रम पार्ल्यातच एका हॉलमध्ये होता. होम झाला, सुना-नाती ओवाळून झाल्या, आत्याच्या तोंडावर इतक्या निरांजनांचा उजेड पडला होता की मला वाटलं, आता याच्यावर माझी दिवेवाली, काय दिसेल! भेटी देताना मी म्हटलं, माझं शेवटी. दोन भाच्यांनी ब्लँकेट दोन्हीकडून धरून वर केलं. मागच्या रांगांतून "वा!" आलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले. तो फोटो अजून फिरतो, तुमच्यातल्या ज्या नुसता ग्राफ मागतात त्यांनी बहुधा तोच बघितलाय.

मग त्यांनी ते आत्याच्या मांडीवर ठेवलं.

आत्याने चष्मा लावला आणि आधी उलटी बाजू बघितली. विणणारी बाई आधी उलटंच बघते. "टोकं छान लपवलीस," म्हणाली. मग सुलट केलं. बराच वेळ बघत होती. बोट फिरवत चेहऱ्यापाशी आली, तिथे थांबली, बोट जरा वर नेलं, खाली आणलं.

"अगं, नाक कुठाय हिला?"

तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती मोठ्याने बोलते. शेजारी गुरुजींचा माइक चालू होता. अख्खा हॉल हसला. मीही हसले. हसत हसतच म्हटलं, "आत्या, तुला आता नीट दिसत नाही गं."

तेही माइकवर गेलं. त्यावर मात्र कोणी हसलं नाही.

तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्याच वर्षी झालं होतं. त्या दिवशी सकाळी माझ्या ब्लाउजचा हुक निघाला, तर सुईत दोरा तिने ओवून दिला होता. तिने चष्मा काढला, "असेल बाई," म्हणाली आणि ब्लँकेटची घडी घातली. चेहरा आतल्या बाजूला. जेवताना माझ्या पानाकडे बघून वाढपी मुलाला म्हणाली, "हिला मठ्ठा वाढ, तिला आवडतो."

परत येताना गाडीत मी नवऱ्याला फ्रेंच चित्रकार मोने सांगितला. मोनेलाही मोतीबिंदू होता, 1923 साली ऑपरेशन झालं, डोळ्यांमुळे रंग कसे बदलून दिसतात, आत्यालाही तसंच होत असणार, वगैरे. घाटकोपर येईपर्यंत बोलत होते. तो म्हणाला, "पण नाक नव्हतंच ना?"

हे लिहितानाही मला वाटतंय की थोडी बाजू माझीही आहे. मी पहिल्यापासून सगळ्यांना सांगत आले, दहा फुटांवरून बघा. सेरा नावाच्या फ्रेंच चित्रकाराने दोन मीटर बाय तीन मीटरचं अख्खं चित्र ठिपक्यांनी काढलं, 1884 ते 1886, दोन वर्षं घालवून. जवळ गेलं की ठिपके, लांब गेलं की नदीकाठचा रविवार. माझी चौकट म्हणजे जाडसर ठिपकाच की! हे मी अजूनही म्हणते. फक्त सेराचं चित्र कोणी नाकापर्यंत ओढून झोपत नाही. ब्लँकेट ज्याच्या अंगावर असतं त्याला चौकटी दिसतात, चित्र दिसतं ते दारात उभ्या असलेल्याला. हॉलमध्ये शेवटच्या रांगेतल्या ज्या माणसाने "वा!" केलं, त्याचं नावही मला माहीत नाही आणि विणलं मी त्याच्यासाठी.

मग लाट का चालते? ती पांघरणाऱ्यालाही निळी दिसते म्हणून? चेहरा नाही म्हणून? की लाट ज्यांना दिली त्यांनी मला खांब ताठ धरायला शिकवलेलं नाही, त्यांचं काही वाटत नाही, म्हणून? यातलं कुठलं, ते मला रोज वेगळं वाटतं. चेहरे करायचेच नाहीत, असं एकदा ठरवलं होतं. परवा व्हर्मीरच्या मोत्याच्या डुलवाल्या मुलीचा ग्राफ काढून बसले होते, 140 चौकटी रुंद, नाकाला पुरेशा.

(आणि मुंबईत ब्लँकेट कशाला, असं विचारणाऱ्यांना: एसी.)

दिवेवालीचा ग्राफ लॅपटॉपवर आहे. पुसलेला नाही, दुरुस्तही केलेला नाही. 2029चा जानेवारी उजाडला की कायद्याचं कारण संपेल, तेव्हा मला दुसरं शोधावं लागेल.

माफी मागितली का, हे घरातले विचारतात. नाही. फोनवर दोनदा विषय काढला, तिने दोन्हीदा डाळीच्या भावावर नेला. या दिवाळीत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "ये एकदा. नाक घातलंय मी."

गेले. ब्लँकेट पलंगावर होतं, दोन वर्षं तरी वापरातलं वाटत होतं, कडेला एक चहाचा डाग. तिने गडद तपकिरी दोऱ्याने वरून साखळी टाका घालून नाक काढलं होतं. भलं मोठं, डावीकडे कललेलं. दारातून बघितलं तर दिवेवाली पार गेली होती, नुसतं नाक. जवळ जाऊन बसले तर हो, नाक होतं, नाकपुडीसुद्धा होती.

"कसं झालंय?" आत्या म्हणाली.

"छान झालंय."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुलाही दिसत नाही," म्हणाली. मग म्हणाली, ती तपकिरी लोकर उरली असेल तर पुढच्या वेळी घेऊन ये, भुवया राहिल्यात.