मावा दिसत नाही, तरी व्हायरस येतो कसा?

विषाणूंच्या प्रथिनांत माझं लाडकं कोणतं विचाराल, तर एचसी-प्रो. लाडकं म्हणायचं आणि शिव्याही द्यायच्या, असं नातं आहे.

पपईच्या रिंगस्पॉट व्हायरसकडे आरएनएचा एकच धागा असतो, साधारण १०,३०० अक्षरांचा. त्यावरून आधी एक लांबलचक प्रथिन बनतं आणि मग त्यातलेच काही भाग कात्री होऊन त्याचे दहा तुकडे पाडतात. एचसी-प्रो हा त्यांतलाच एक. (या कुळातल्या विषाणूंच्या धाग्यात आणखी एक जनुक दडलेलं आहे, हे २००८ साली कळलं. इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत!)

शहाद्याकडे पपई लावणारे आमचे काका दर हंगामात विचारतात, "पानं उलटून बघितली, मावा कुठंच नाही. मग व्हायरस आला कुठून?" तर काका, मावा पपईवर वस्ती करतच नाही. येता-जाता सोंड खुपसून पान चाखतो, पटलं नाही की उडतो. एचसी-प्रो एका बाजूने व्हायरसच्या कवचाला धरतं आणि दुसऱ्या बाजूने माव्याच्या सोंडेला. पुढच्या झाडावर व्हायरस उतरायला काही सेकंद पुरतात. फवारणीने मावा मरेलही, पण चाखून झाल्यावर. दुकानदार तरीही नवी बाटली देतोच.

एवढ्यावर भागत नाही. झाड व्हायरसच्या आरएनएचे बारीक तुकडे करतं आणि त्यांवरून पुढचा आरएनए ओळखतं. एचसी-प्रो नेमके तेच तुकडे धरून ठेवतं, म्हणजे झाडाचा बचावच लंगडा पडतो.

हवाईत १९९२ मध्ये पुना भागात हा रोग शिरला. तिथे डेनिस गोन्साल्विस आणि सहकाऱ्यांनी व्हायरसच्या कवचाचंच जनुक पपईत घातलं, त्यामुळे झाड व्हायरस यायच्या आधीच सावध राहिलं. त्यातून आलेली 'रेनबो' पपई १९९८ पासून तिथल्या शेतांत आहे. आपल्याकडे अशी पपई लागवडीला नाही.

मग उरतं काय? बांधाला मक्याच्या दाट ओळी, तेही पपई लावायच्या आधी. मावा तिथे सोंड खुपसतो, व्हायरस तिथेच उतरतो आणि मक्यात तो वाढत नाही. शेजारी काकडी-भोपळा नको, कारण त्यांवर तो मजेत राहतो. आणि पहिलं रोगट झाड दिसलं की लगेच उपटायचं.

मका काकांना पटला. झाडाला फळं धरलेली असली, की उपटणं मात्र "पुढच्या आठवड्यात बघू".