दोघांची वाळवी एकच, पण एकाच पाटीत बसेनात

मी ऑस्ट्रेलियात एका म्युझियममध्ये कलेक्शनचं काम करते, म्हणजे ड्रॉवर उघडा, लेबलं तपासा, कीड लागली नाही ना बघा. त्या दिवशी वाळवीवरच्या छोट्याशा प्रदर्शनासाठी दोन नमुने टेबलावर शेजारी ठेवले, पॅरडाइज पॅरट नावाचा पोपट आणि नंबॅट, म्हणजे अंगावर पट्टे असलेला एक छोटा सस्तन प्राणी. (जुन्या कातड्यांना आर्सेनिक लावलेलं असतं, त्यामुळे ग्लोव्ह्ज मस्ट.) पोपट कधीच संपला, नंबॅट अजून तग धरून आहे, आणि दोघांची मिळून माहितीची एकच पाटी लिहायची होती. सगळे म्हणाले सोप्पंय, जंगल गेलं, प्राणी गेले, लिहून टाक.

लिहायला बसले तर जमेचना. पोपट क्वीन्सलँडकडचा, वारुळात बोगदा खणून आत अंडी घालायचा. आपल्याकडे वारूळ म्हटलं की नाग, इथे चक्क पोपट! पण वारुळं काही गेली नव्हती, गेलं ते गवताचं बी, कारण तेच त्याचं खाणं आणि गुरं ते गवत बी धरायच्या आधीच फस्त करायची, त्यात १९०२चा दुष्काळ. संपलाच असं धरून चालले होते, तर सिरिल जेरार्डने १९२२मध्ये बर्नेट नदीच्या भागात वारुळापाशी त्याचे फोटो काढले, आणि गंमत बघा, हा माणूस स्वतः गुरं पाळणारा. १९२७नंतर खात्रीने कुणालाच दिसला नाही.

नंबॅटचं उलटं. त्याला वाळवी म्हणजे जेवण, दिवसाला वीसेक हजार गट्टम, आणि ती अजून भरपूर आहे. त्याच्या मुळावर आले ते युरोपातून आणलेले कोल्हे नि मांजरं, कारण हा बिचारा भरदिवसा हिंडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात ड्रायँड्रा आणि पेरप अशा दोनच ठिकाणी तो मूळचा उरला. तिथे कोल्ह्यांसाठी १०८० नावाचं विष घातलेलं मांस टाकतात आणि मला भारी वाटलं ते हे, की तिथल्या काही झुडपांत हेच विष मुळातच असतं, म्हणून स्थानिक प्राण्यांना ते बरंच सोसतं, कोल्ह्याला अजिबात नाही. ड्रायँड्रात त्याने नंबॅट वाढलेही, मग मांजरांनी पुन्हा घोळ घातला.

शेवटी दोन पाट्या केल्या. एकीच्या जागेत दोन बसवायच्या म्हणून डिझायनर वैतागला, पण बसवल्या. नंबॅटची तेवढी स्क्रूने पक्की करू नको म्हटलं, त्यावरचा उरलेल्या नंबॅटांचा आकडा बदलायला लागणारे.