आठ गुंठ्यांचा ओघळ

आजोबांच्या नावचा आमचा गट सातारा जिल्ह्यात, 2 हेक्टर 48 आर (आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग, साधारण एक गुंठा). ते गेल्यावर वारसनोंद झाली आणि एकाच सातबाऱ्यावर चार नावं लागली: अण्णा (माझे वडील), दोघे काका आणि आत्या. चौघांत भांडण नाही, त्यामुळे वाटप चुटकीसरशी होईल असं मी ऑफिसात सांगत फिरत होते. अर्ज दिला जून 2022 मध्ये. चार वेगळे सातबारे हातात पडले जानेवारी 2024 मध्ये. मधले नऊ महिने एका बेरजेने खाल्ले.

सुरुवातीचं भराभर सांगते, तिथे काही अडलं नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज, शंभराच्या स्टॅम्पवर वाटपपत्र, सोबत सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा. आत्या हक्कसोड करून देईल असं सगळ्यांनी मनातल्या मनात धरून ठेवलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "मला पीक नको, पण वाटा माझ्या नावावर राहू दे." ती बोलली ते बरं झालं. म्हणजे चार वाटे, प्रत्येकी 60 गुंठे. नोटिसा निघाल्या, जबाब झाले, नोव्हेंबरात आदेश हातात. पोटहिस्सा मोजणीची फी भरली आणि फेब्रुवारीत भूकरमापक शेतावर आले.

त्यांनी मोजता मोजता विचारलं, "खालचा ओघळ कोणाच्या वाट्यात?" आम्ही हसलो. तिथे बाभळी आणि दगड, कोण मागणार! धाकटे काका म्हणाले, "टाका माझ्याकडे, शेजारीच आहे." त्यांनी तसं मोजून घेतलं. चहा झाला, ते गेले.

मार्चमध्ये मी भूमी अभिलेख कार्यालयात आकारफोडीची चौकशी करायला गेले. आकारफोड म्हणजे मूळ गटाचं क्षेत्र आणि शेतसाऱ्याचा आकार नव्या पोटहिश्श्यांत फोडून दाखवणारं पत्रक. ते तलाठ्याकडे गेल्याशिवाय नवा सातबारा निघत नाही. छाननीच्या टेबलावरचे गृहस्थ फाईल उलटी करून माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ताई, बेरीज बसत नाही."

सातबाऱ्यावर दोन आकडे असतात. लागवडीयोग्य क्षेत्र आमचं 2.40, आणि खाली पोटखराबा, म्हणजे गटातली लागवडीला न येणारी जमीन, वर्ग 'अ' 0.08. एकूण 2.48. आम्ही वाटपपत्र लिहिताना 2.40 ला चाराने भागलं आणि खूश झालो, कारण भागाकार कसा सुरेख गेला! आदेशातही तेच उतरलं. मोजणी मात्र अख्ख्या गटाची झाली, ओघळासकट. आदेश 240 गुंठ्यांचा, नकाशा 248 गुंठ्यांचा.

चूक आमची, मान्य आहे. पण अर्ज तपासणाऱ्याने, जबाब घेणाऱ्याने, आदेश टाइप करणाऱ्याने, कोणी तरी एकदा खालची ओळ वाचायची!

इथून खरा प्रवास. भूमी अभिलेख म्हणे, तहसीलमधून आदेश दुरुस्त करून आणा. तहसीलमधले कारकून म्हणे, आदेश झाला की आमचं काम संपलं, आता प्रांतांकडे अपील करा. अपील कोणाविरुद्ध? स्वतःविरुद्ध? वकिलांनी अपिलाची फी सांगितली तेव्हा अण्णा म्हणाले, "राहू दे, एकाच सातबाऱ्यावर मरतो." मी पुण्यात नोकरीला, त्यामुळे प्रत्येक फेरी म्हणजे एक रजा आणि पहाटेची एसटी. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब निवडणुकीच्या कामात. मे, जून, जुलै. एकदा तर मी टेबलासमोर चक्क ओरडले. त्याने काही झालं नाही, उलट पुढची फेरी अवघड गेली.

आमच्या आळीत एक निवृत्त तलाठी राहतात. त्यांच्याकडे आधी का गेले नाही, याचा अजून राग येतो. त्यांनी कागद दोन मिनिटं पाहिले. "अपील कशाला? शुद्धिपत्रक मागा. चौघांची संमती जोडा, आणि ओघळ कोणाकडे जातो ते त्यात स्पष्ट लिहा." तसा अर्ज दिला. तर मूळ फाईल मिळेना! रेकॉर्ड रूमला गेली म्हणे. सप्टेंबरात मी माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून दिला. फाईल आज कोणत्या टेबलावर आहे आणि माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, एवढंच विचारलं. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. फाईल त्याआधीच सापडली. नोव्हेंबरच्या शेवटी शुद्धिपत्रक निघालं: तीन वाटे 60 गुंठ्यांचे, धाकट्या काकांचा 60 अधिक 8 पोटखराबा.

अरे हो, वाटे पाडण्याआधी प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा शेतजमिनीचा पाडता येत नाही ते) बघून घ्या, तुकडेबंदी घरच्या वाटपालाही लागते. ऑगस्ट 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे धरतात. आम्हाला प्रश्न आला नाही. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. मी पहिल्या दोन वेळा घेतली नव्हती, ते अर्ज कुठे गेले देव जाणे.

पुढे आकारफोड आठवड्यात झाली. तलाठ्यांनी फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, धरला, 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर नोटीस दिसली, पंधरा दिवस कोणाची हरकत नाही म्हणून मंडळ अधिकाऱ्यांनी तो मंजूर केला. मी रात्री साडेअकराला पंधरा-पंधरा रुपये भरून चारही उतारे उतरवले आणि अण्णांना उठवलं. त्यांनी चष्मा शोधला, स्वतःचं नाव दोनदा वाचलं, मग विचारलं, "खालची ओळ बघितलीस का?"

बघितली होती. पोटखराबा बरोबर होता. विहिरीत प्रत्येकाचा पाव हिस्सा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात लागायला हवा होता, तो तीनच उताऱ्यांवर आलाय. आत्याच्या उताऱ्यावर नाही. दुरुस्तीचा अर्ज दिलाय, पोच घेऊन.