आमची वाटचाल: पिझ्झा-बर्गरच्या चेन नाशकात आल्या आणि आमचं वर्कशॉप

२००४ साली अंबड एमआयडीसीत भाड्याने गाळा घेतला तेव्हा आमच्याकडे एक आर्गॉन वेल्डिंगचं मशीन, दोन ग्राइंडर आणि मी धरून तीन माणसं एवढंच होतं. शीट कापायला आणि बेंड मारायला शेजारच्या गल्लीत जॉबवर्कला द्यायचो, सायकलला बांधून न्यायचो म्हणलं तरी चालेल. काम काय तर हॉटेलच्या किचनचं स्टीलचं सामान. टेबल, सिंक, रॅक, भट्टी, चहाचा काउंटर. त्या वेळी ड्रॉइंग वगैरे प्रकार आम्हाला माहीत नव्हता. हॉटेलवाले शेठ यायचे, हाताने माप दाखवायचे, "एवढं लांब, एवढं रुंद, भाऊ, मजबूत पाहिजे", आणि आम्ही मजबूत करून द्यायचो. अजूनही द्वारका आणि पंचवटीकडच्या दोन-तीन जुन्या हॉटेलांत आमच्या त्या वेळच्या भट्ट्या चालू आहेत, जाताना येताना दिसल्या की बरं वाटतं.

मग हळूहळू पिझ्झा-बर्गरच्या परदेशी चेन नाशकात यायला लागल्या. तशा त्या देशात येऊन बराच काळ झाला होता. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीला मॅकडोनाल्ड्सचं पहिलं दुकान उघडलं आणि त्याच महिन्यात आपल्या बांद्र्याला, डॉमिनोज आणि पिझ्झा हटसुद्धा त्याच वर्षीचे, केएफसी त्याच्याआधी एक वर्ष बंगलोरला. पण मुंबई-पुण्याच्या पुढे आपल्यासारख्या शहरांकडे वळायला त्यांना वेळ लागला. नाशकात मॉल झाले, कॉलेज रोड-गंगापूर रोडला गर्दी वाढली, मुंबई-आग्रा हायवे चौपदरी झाला, मग आले. तेव्हा आमच्यासारख्या लोकांना वाटलं आता कामच काम, दर सहा महिन्याला एक नवीन दुकान म्हणजे एक नवीन किचन.

तसं काही झालं नाही, आणि का झालं नाही ते मला नीट सांगायचंय कारण आजही कोणी नवीन पोरगा धंद्यात उतरतो तेव्हा त्याची हीच समजूत असते. पहिली गोष्ट, बोर्डावर नाव अमेरिकेचं असलं तरी दुकान उघडतं ते भारतातली कंपनी. आपल्याकडे मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफ चालवते, डॉमिनोज ज्युबिलंट फूडवर्क्स चालवते, स्टारबक्स टाटांबरोबर अर्धी-अर्धी भागीदारी आहे. म्हणजे ठरवणारी माणसं मुंबईत नाहीतर नोएडात बसलेली. दुसरी गोष्ट, ते गावात येतात ते सगळं बरोबर बांधून घेऊन येतात. मॅकडोनाल्ड्सने तर दुकान उघडायच्या कितीतरी वर्षं आधी माल कुठून येणार याची तयारी केली होती, तळोज्याला पॅटीचा कारखाना, तळेगावकडे लेट्युसची शेती, बारामतीहून चीज. हे सगळं महाराष्ट्रातलंच, म्हणजे सगळा माल परदेशातून येतो असं जे लोक म्हणतात ते खरं नाही. पण एकदा ती साखळी बसली की नाशकात दुकान झालं म्हणून नाशकातला बेकरीवाला बन देणार किंवा पिंपळगावचा शेतकरी टोमॅटो देणार असं होत नाही, थंड गाडी येते, पहाटे माल उतरवते आणि जाते. किचनचं पण तसंच. फ्रायर, ग्रिल, ओव्हन ठरलेल्या कंपनीचे, आणि स्टीलचं फॅब्रिकेशन त्यांच्या मंजूर यादीतल्या मुंबई-पुण्याच्या व्हेंडरकडून. त्या यादीत शिरायला तीन वर्षांची टर्नओव्हर मागतात, आणि आमची टर्नओव्हर तेव्हा त्यांच्या एका दुकानाच्या खर्चाएवढी पण नव्हती.

आम्ही शिरलो ते रिपेअरिंगमधून. एका रात्री साडेअकराला ओळखीच्या प्लंबरचा फोन आला, मॉलमधल्या एका चेनच्या किचनमध्ये सिंकचा जोड सुटलाय, पाणी खालच्या मजल्यावर टिपकतंय, मुंबईचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येणार आणि सकाळी ११ ला दुकान उघडायचंय. मशीन टेम्पोत टाकलं आणि गेलो. पहाटे चारला जोड भरून, बफिंग मारून, धुवून दिला. मॅनेजर पोरगा २५-२६ वर्षांचा असेल, त्याने पैसे तर दिलेच पण नंबर घेऊन त्यांच्या मेंटेनन्सच्या साहेबांना पाठवला. नंतर तीन वर्षं आम्ही बहुतेक रात्रीचंच काम केलं. दुकान बंद झाल्यावर ११ ला आत, सकाळी ७ च्या आत बाहेर, फरशीवर एक ठिणगीचा डाग राहता कामा नये. आमच्या हिने त्या काळात पोरांचे अभ्यास, घर आणि फर्मची बिलं हे सगळं एकटीने ओढलं, ते नसतं तर पुढचं काही झालं नसतं हे मी कुठेही सांगतो.

मग एका चेनच्या नवीन दुकानाचं थोडं काम मिळालं, चार टेबलं, दोन सिंक, भिंतीवरचे शेल्फ. मेन काँट्रॅक्टर बाहेरचा, आम्ही त्याच्या खाली. पहिल्यांदा हातात शॉप ड्रॉइंग आलं, मिलिमीटरमध्ये, टॉपचा पत्रा १.५ एमएम, स्टील ३०४ ग्रेडचं, भिंतीकडची कड वर वळवलेली, कोपरे आतून गोल, कारण सरळ कोपऱ्यात घाण बसते. व्हेजचं टेबल वेगळं, नॉनव्हेजचं वेगळं, सिंकसुद्धा वेगळे, आणि दोघांच्या मध्ये किती अंतर हे पण लिहिलेलं. आम्ही जीव ओतून केलं. वरून आरशासारखं.

हँडओव्हरला साईट इंजिनिअर आला. त्याने वरून बघितलंच नाही. गुडघ्यावर बसला, मोबाईलचा टॉर्च लावला, टेबलाच्या खाली हात घातला आणि बोट कडेच्या आतून सावकाश फिरवत नेलं. मध्येच थांबला. बोट बाहेर काढून मला दाखवलं, बारीकशी रक्ताची रेघ. म्हणाला, "दादा, इथे रोज एक मुलगी फडकं फिरवणार आहे." बास एवढंच. आवाज नाही, काही नाही. मला त्या दिवशी जे वाटलं ते अजून आठवतं, १२ वर्षं हे काम करत होतो आणि टेबलाच्या खालच्या बाजूला कोणाचा हात लागतो हा विचार एकदाही केला नव्हता. चारही टेबलं परत आणली, कडा आत दुमडून दाबल्या, पॉलिश पेपर मारला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, माल बाहेर जायच्या आधी वेल्डरने स्वतःचा उघडा हात सगळीकडून फिरवायचा, हातमोजा न घालता. कोणाकडून हे शिकलो म्हणाल तर त्या इंजिनिअरकडून.

दुसरा फटका ग्रेडचा बसला. ३०४ मध्ये निकेल साधारण ८ टक्के असतं म्हणून ते महाग, २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, दिसायला दोन्ही सारखेच पण मीठ आणि पाणी लागलं की २०२ वर काही महिन्यांत तांबूस डाग येतात. आमची शीट बरोबर होती पण पायाचे पाईप ज्या दुकानातून घेतले त्याने बिलावर ३०४ लिहून २०२ दिले होते. साईटवर टेस्टिंगच्या रसायनाचा थेंब टाकून बॅटरी लावली, थेंब लाल झाला, म्हणजे २०२. ३६ पाय बदलून द्यावे लागले, आमच्या खर्चाने. त्यानंतर १० मिलीची ती बाटली आणि ९ व्होल्टची बॅटरी कायम माझ्या गाडीत असते, आणि पाईप उतरवायच्या आधी टेम्पोतच थेंब पडतो, माल देणारा कितीही जुना असो.

पैशाचं पण खरं सांगतो, कारण यशाच्या गोष्टीत हे कोणी लिहीत नाही. एका कामाचे ४ लाख रुपये बाहेरच्या मेन काँट्रॅक्टरने ११ महिने अडकवले. चेनने त्याला केव्हाच दिले होते, आमच्यापर्यंत आले नाहीत. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे हा कायदा २००६ पासून आहे, पण तक्रार केली की पुढचं काम बंद, म्हणून सगळे गप्प बसतात, आम्हीही बसलो. त्या वर्षी दिवाळीचा बोनस द्यायला घरातलं सोनं ठेवलं. आता बदल जाणवतो, वेळेत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही असा नियम आला, त्यामुळे २०२४ च्या मार्चपासून समोरूनच फोन येतात की तुमचं उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे लहान उद्योगाच्या नोंदणीचं, पाठवा. ज्याने अजून काढलं नसेल त्याने आजच काढा, फुकट आहे.

शहरावर काय परिणाम झाला म्हणाल तर दोन्ही बाजूंनी झाला. कॉलेज रोडला भाडी चढली, कारण चेनवाले ठरलेलं भाडं किंवा विक्रीवर टक्का यातलं जे जास्त ते देतात, आणि एकदा एका मालकाला तसं मिळालं की शेजारचा मालक जुन्या सँडविचवाल्याला तेच भाडं मागतो. दोन चांगले गिऱ्हाईक आमचे असे बंद झाले, वाईट पदार्थामुळे नाही, भाड्यामुळे. हॉटेलातली पोरं तिकडे गेली, युनिफॉर्म, पीएफ, ठरलेले तास, सुट्टी. त्यात पोरांचं काय चुकलं? उलट आपल्याकडच्या शेठ लोकांना पहिल्यांदा पोरांच्या झोपायच्या जागेचा आणि सुट्टीचा विचार करावा लागला, हे मला चांगलंच वाटतं. आणि खाणाऱ्यांचं म्हणाल तर रविवारी सकाळी मिसळीला जाणारा माणूस संध्याकाळी पोरांना घेऊन बर्गरला जातो, दोन्ही चालू आहे.

लॉकडाऊनबद्दल जास्त लिहीत नाही. मार्च २०२० ला काम थांबलं, पायाने दाबायचे सॅनिटायझर स्टँड बनवले, ५ ऑक्टोबरला हॉटेलं अर्ध्या क्षमतेने उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये परत बंद. त्या एप्रिलमध्ये गॅसवाला आमचे आर्गॉनचे रिकामे सिलेंडर ऑक्सिजनसाठी मागायला आला, सगळे देऊन टाकले. सात माणसांपैकी एकालाही काढलं नाही, अर्धा पगार दिला आणि नंतर उरलेला फेडला.

आमची खरी वाढ त्याच्यानंतर झाली, आणि ती चेनमुळे झाली पण चेनकडून झाली नाही. आपले हॉटेलवाले त्या दुकानांत स्वतःच्या नातवंडांना घेऊन जायला लागले आणि काउंटरच्या मागे किचन दिसतं तिथे बघत उभे राहायला लागले. धूर नाही, फरशी कोरडी, पोरांच्या कपाळावर घाम नाही. मग आम्हाला विचारायला लागले, "भाऊ, तुम्ही तिथलं काम करता ना, मग आपल्याकडे तसं का नाही होत?"

मखमलाबाद रोडकडच्या एका मिसळवाल्या काकांचं काम मला सगळ्यात जवळचं. त्यांच्याकडे भिंतीत दोन एक्झॉस्ट पंखे होते, दोन्ही तेलाने काळे, आणि तर्री करणाऱ्या मावशी २० वर्षांपासून तोंडाला पदर बांधून उभ्या राहायच्या. मिरची-मसाला तेलात पडला की सगळं किचन खोकायचं आणि ठसका पार गिऱ्हाइकांच्या टेबलापर्यंत जायचा. काकांना वाटत होतं अजून मोठा पंखा लावला की झालं. मी त्यांना दार लावून दाखवलं, पंखा चालू असताना दार आपोआप आत ओढलं जात होतं. म्हणजे बाहेर जायला वाट आहे पण आत हवा यायला वाट नाही, मग पंखा नुसता फिरतो, धूर तिथेच. चेनच्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये जेवढी हवा बाहेर काढायची त्याच्या साधारण ८० टक्के ताजी हवा आत सोडलेली असते, हे आम्ही तिथेच शिकलो होतो.

भट्टीच्या चारी बाजूंनी सहा-सहा इंच पुढे येईल असा हूड, म्हणजे धूर ओढून घेणारं स्टीलचं छत, केला, त्यात तेल अडवणारे पट्ट्यांचे बॅफल फिल्टर तिरके बसवले म्हणजे तेल खाली पन्हाळीत उतरून वाटीत जमा होतं आणि डक्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाईपमध्ये, आगीचा धोका कमी होतो, फिल्टर रोज रात्री काढून गरम पाण्यात धुता येतील असे हलके ठेवले. ताजी हवा समोरून, मावशींच्या डोक्यावरून खाली येईल अशी सोडली. डक्ट शेजारच्या बिल्डिंगच्या खिडक्यांपेक्षा वर नेला, कारण त्या लोकांच्या तक्रारी दोन वर्षं चालू होत्या. सगळं मिळून चेनच्या एका हूडच्या निम्म्या पैशात बसलं, कारण जे लागत नव्हतं ते लावलं नाही, पण स्टील ३०४ आणि कडा दुमडलेल्या.

चालू करायच्या दिवशी मी टिश्यू पेपर फिल्टरजवळ धरून सोडला, तो चिकटून बसला. मावशींनी कढईत तेल तापवलं, मसाला टाकला आणि सवयीने पदर तोंडावर नेला. धूर उभाच्या उभा वर गेला. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग पदर खाली सोडला आणि काकांना हाक मारली, "अहो, इकडं या, वास बघा कसा येतोय." २० वर्षांत त्यांनी स्वतःच्या तर्रीचा वास असा सरळ घेतला नव्हता.

त्या एका कामावरून पुढे नाशिक, सिन्नर, दिंडोरी मिळून ३१ किचनं झाली. आज आम्ही १४ जण आहोत, बेंडिंगचं मशीन स्वतःचं आहे, आणि चेनच्या रात्रीच्या मेंटेनन्सचं काम अजूनही सोडलेलं नाही. सिंहस्थाच्या आधी सगळ्यांना किचन तयार हवंय त्यामुळे सध्या दोन शिफ्ट चालू आहेत, काल सिन्नरच्या एका खानावळीचा हूड पाठवला आणि आज सकाळी त्यांचा फोन होता की वाटी कुठल्या बाजूने काढायची ते दाखवायला माणूस पाठवा, तर दुपारी मीच जाऊन येतोय.