तुम्ही विचारलंत म्हणून: ओढ्याच्या अलीकडे का थांबवते

जून लागला की प्रश्न सुरू होतात. कर्जत लोकलमध्ये, कसाऱ्याहून निघालेल्या जीपमध्ये, कधी रात्री अकराला फोनवर. ‘ताई, धबधब्याखाली जायचं नाही, डोहात उतरायचं नाही, ओढ्याला पाणी असलं की अलीकडेच बसायचं. मग पावसाळी ट्रेकला यायचंच कशाला?’ नवी माणसं हे सरळ विचारतात. जुनी माणसं, म्हणजे त्या रविवारी माझ्याबरोबर असलेली, जरा घुटमळून दुसरंच विचारतात: ‘निदान तिला तरी जाऊ द्यायचं होतंस, नाही का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतक्यांदा देऊन झालंय की आता सांगताना माझा आवाज चढतो. दुसऱ्याचं मी आजवर कुणालाच धड दिलेलं नाही.

पहिलं थोडक्यात सांगते, कारण खरं तर ते तुम्हाला माहीत आहे. आपण ज्या ओढ्याशी उभे असतो, त्याचं पाणी आपल्या डोक्यावरच्या ढगातून आलेलं नसतं. ते येतं घाटमाथ्यावरून. मुंबईत वर्षभरात सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि तेवढ्यानं आपली दैना उडते. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर होतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. तिथे खाली काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, आणि वर जेमतेम वीतभर माती. जुलै येईपर्यंत ती माती गच्च भरलेली असते. मग पडेल ते पाणी उतारावरून थेट खाली. माथ्यावर ओतलं की थोड्याच वेळात खालच्या ओढ्याचा रंग बदलतो, आणि तेव्हा खाली लख्ख ऊनसुद्धा असू शकतं.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण गेले. लहान मुलं होती त्यात. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. एकमेकांना घट्ट धरून उभे होते ते. मला त्यावर जास्त बोलवत नाही, पण ‘आपण साखळी करू ना’ असं कोणी म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे तेच येतं. साखळीतला एक घसरला की तो शेजारच्याला घेऊन जातो. आणि ‘गुडघाभरच तर आहे’ हे वाक्य मला ऐकवतच नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. धावतं पाणी गुडघाभर असलं तरी शेवाळलेल्या दगडावरचा पाय सुटायला पुरतं.

एवढं ऐकून बहुतेक जण मान डोलावतात. कॉलेजातल्या मी डोलावली नसती. तिनं भिवपुरीच्या धबधब्याखाली डोकं धरून उभं राहण्यात दिवसच्या दिवस काढलेत, साखळी करून ओढे ओलांडलेत आणि पलीकडे पोचल्यावर आरोळ्या ठोकल्यात. माझं तिच्याशी भांडण अजून चालू आहे. ती म्हणते, सहा दिवस लोकलच्या दाराशी घुसमटून काढायचे आणि सातव्या दिवशी डोंगरात येऊनही अंग राखून बसायचं, तर मग डोंगर आणि घर यात फरक काय? मी म्हणते, तू वाचलीस म्हणून बोलतेयस. ती म्हणते, माझ्याबरोबरचे सगळेच वाचले. हेही खरंच आहे. त्या दिवसांतला आनंद खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही.

आता तो रविवार.

किल्ल्याचं नाव लिहीत नाही. कर्जतच्या बाजूचा आहे, एवढं पुरे. पायथ्याच्या घरांची पावसाळ्यातली कमाई म्हणजे पिठलं-भाकरी आणि वाटाड्याचे पैसे. त्यांच्या पोटावर पाय द्यायची माझी इच्छा नाही.

जिच्याबद्दल तुम्ही विचारता ती मुलगी पंचविशीच्या आतबाहेरची, आमच्याबरोबर पहिल्यांदाच आलेली, पायाला पक्की. सकाळी लोकलमध्येच तिनं विचारलं होतं, ‘ताई, उद्या सकाळी साडेनऊला अंधेरीला माझा इंटरव्ह्यू आहे. रात्री दहापर्यंत घरी असू ना आपण?’ मी म्हटलं, ‘असू.’ त्या वाटेनं आम्ही नेहमी सहाच्या आत गावात उतरतो.

पाच वाजता ओढ्यावर आलो. सकाळी तो घोट्याच्याही खाली होता, बूट न भिजवता दगडांवरून पार झालो होतो. आता ते दगड दिसतच नव्हते. तांबूस गढूळ पाणी, त्यात पानं, काटक्या, मुळासकट उपटलेलं एक झुडूप. आणि तळातून दगड एकमेकांवर आपटत गडगडत चालल्याचा आवाज. तो आवाज ऐकला की मी पुढचा विचार करत नाही. तरीही खात्रीसाठी काठाच्या उतारावर तीन दगड मांडले, एक पाण्याला टेकून, दुसरा त्याच्या हातभर वर, तिसरा आणखी वर. पहिला बघता बघता दिसेनासा झाला. सॅका उतरवून बिस्किटांचे पुडे फुटेपर्यंत दुसऱ्याच्या कडेला पाणी लागलं. मी सांगितलं, बसा, इथेच थांबायचंय.

तेवढ्यात आमच्या मागून दोन मामा आले. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, कमरेला कोयता, हातात काठी. आमच्याकडे बघून हसले, पन्नासेक पावलं वरच्या अंगाला गेले आणि काठी टेकवत तिरके तिरके पाण्यात शिरले. मांडीपर्यंत पाणी. एकदा एकाचा पाय हुकल्यासारखा वाटला, पण सावरला. पलीकडे पोचून त्यानं हाक मारली, ‘या की! काय होत नाय. येकेकाला हात धरून नेतो.’

ती उठली आणि सॅक पाठीला लावली.

‘नाही,’ मी म्हटलं.

‘ताई, ते आत्ता तुमच्यासमोर गेले.’

‘गेले.’

‘मग? मी माझ्या जबाबदारीवर जाते. लिहून देते हवं तर.’

‘लिहून घेऊन मी काय करू?’

मी तिच्या सॅकचा पट्टा धरला. सज्ञान मुलीला असं धरून ठेवणं मला कसंसंच झालं, पण सोडला नाही. सगळे गप्प. दोघं-तिघं तिच्या बाजूचे होते, ते मला त्यांच्या न बघण्यावरून कळत होतं.

त्या मामांना त्या ओढ्यातला दगड न् दगड पायांनी पाठ होता. आम्हाला एकही नव्हता. शिवाय आम्हा सगळ्यांना न्यायचं तर त्या माणसाला पुन्हा पुन्हा चढत्या पाण्यात यावं लागणार, दरवेळी एक नवखं घाबरलेलं माणूस हाताला लोंबकळणार. तो चांगुलपणानं बोलावत होता. त्याच्या पायांचा विचार त्यानं केला नव्हता, तो मला करायचा होता. हे मी तिला तेव्हा सांगितलं का? सांगितलं. तिला ते ऐकू आलं नाही, आणि तिच्या जागी मलाही आलं नसतं.

थोडं वर गुराख्यांचं खोपट होतं. त्यात दाटीवाटीनं शिरलो. फोनला रेंज नाही. अंधार पडला, पाऊस कोसळत राहिला. अकराच्या सुमारास थांबला. ती हेडटॉर्च लावून बाहेर पडली, मी तिच्या मागे गेले. दुसरा दगड पूर्ण उघडा होता, पहिल्याचाही माथा दिसत होता. छोट्या ओढ्याचं असंच असतं, चढतो तसाच झरझर उतरतो.

‘उतरलंय,’ ती म्हणाली. या वेळी आवाज चढवला नाही.

उतरलं होतं. पण टॉर्चच्या उजेडात पाणी नुसतं चमकतं, खालचं काही दिसत नाही. आणि माथ्यावर काय चाललंय ते मला कुठून कळणार? मी म्हटलं, ‘उजाडल्यावर.’ ती काही न बोलता परत फिरली.

सकाळी सहाला पाणी पोटरीपर्यंत होतं. सगळे सहज पार झालो. गावात रेंज आल्यावर तिनं फोन लावला, मेल केली. त्या कंपनीनं दुसरी तारीख दिली नाही. परतीच्या लोकलमध्ये ती पलीकडच्या दाराशी बसली. दोन दिवसांनी ट्रेकचे राहिलेले पैसे तिनं न मागता पाठवले आणि ग्रुपमधून बाहेर पडली.

तुम्ही म्हणता, जीवापुढे इंटरव्ह्यू काय. ते तुम्ही म्हणू शकता, ती नोकरी तुमची नव्हती. त्या दिवशी काय टळलं हे मला कुणालाच दाखवता येत नाही. तिचं काय गेलं ते तारीखवार दाखवता येतं. दोन माणसं माझ्या डोळ्यांदेखत पार झाली आणि सकाळी ओढा अगदी निरुपद्रवी दिसत होता, याला माझ्याकडे उत्तर नाही.

मात्र यावरून मी बंदीची बाजू घेते असं कुणी समजू नका. दर पावसाळ्यात अशा ठिकाणी जायला बंदी घालणारे जिल्हा प्रशासनाचे आदेश निघतात, पूर्वी कलम 144 खाली, जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली. ओढा काही तासांपुरता वाईट असतो, आणि आदेशानं आठवडेच्या आठवडे अख्खा परिसर बंद होतो. ज्या घरात आम्ही जेवतो तिथली चूल त्याची किंमत मोजते. आणि बंदी असताना जे चोरून जातात ते वाटाड्याशिवाय जातात. काठावर थांबायला शिकवावं, दार बंद करू नये, असं मला वाटतं. पण थांबायला शिकवणं म्हणजे काय, ते त्या मुलीला विचारा.

तर दुसरा प्रश्न. संध्याकाळचा माझा नकार मी पुन्हा देईन, दरवेळी देईन, त्यावर मला चर्चाही करायची नाही. रात्री अकराचा नकार मात्र मला छळतो. पाऊस थांबला होता. ढगांतून चांदण्या दिसत होत्या. आमच्याकडे दोर होता. वाहत्या पाण्यात तो अंगाला बांधायचा नसतो, माणूस घसरला तर दोरच त्याला पाण्याखाली दाबून धरतो. पण काठापासून काठापर्यंत ताणून हाताला आधार देता आला असता. सॅकचे पट्टे मोकळे ठेवून, एकेक करून. गावातून गाडी मिळाली असती तर ती पहाटेपूर्वी घरी पोचली असती.

मग मी स्वतःला सांगते: सगळे भिजलेले, गारठलेले, डोळ्यांवर झोप. दोर पलीकडे न्यायला पहिल्या माणसानं आधाराशिवायच उतरायचं होतं. काही झालं असतं तर लोणावळ्याची, खोपोलीची रेस्क्यूची मुलं अपरात्री उठून आली असती, स्वतःचा जीव पणाला लावून. कुणाच्या सोमवार सकाळसाठी त्यांना त्या पाण्यात उतरवायचं? हे तुमच्यासमोर बोलताना मला पटतं. घरी एकटी असताना तितकं पटत नाही, आणि तेव्हा मला तिचं ‘उतरलंय’ ऐकू येतं.

तिला मी मेसेज केला होता, लांबलचक. तिनं वाचला, उत्तर दिलं नाही. ते तिच्यावर आहे.

हल्ली ट्रेकची माहिती पाठवताना पहिल्याच ओळीत लिहिते: सोमवारी सकाळी चुकवता येणार नाही असं काही असेल तर या वेळी येऊ नका. त्यावर दरवेळी कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे वेळेत परत यायची खात्री नाही?’ नाही, नाहीये. चालणार असेल तर कळवा, मी जागा धरून ठेवते.